ॲक्च्युअली काय झालं...

दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी साडेसहानंतर बसायला जागा मिळाली, तर ती सोडू नये. मैदानात नेटवरची मुलं पॅड सोडत असतात, कडेनं चालणाऱ्यांची रांग सुरू असते आणि कट्ट्यावर दोघादोघांच्या, चौघाचौघांच्या गप्पा रंगलेल्या असतात. गेल्या पावसाळ्यात असाच बसलो होतो. शेजारी विशीतली एक मुलगी फोनवर आईशी बोलत होती. "आई, ॲक्च्युअली ना..." एवढं म्हणून ती थांबली. पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "नाही गं, म्हणजे ॲक्च्युअली काय झालं, सातला निघायचं ठरलं होतं. पण ॲक्च्युअलमध्ये अजून कोणी आलंच नाहीये." पुन्हा पलीकडचं बोलणं. मग ती हसली आणि म्हणाली, "ॲक्च्युअली!"

मिनिटभराच्या बोलण्यात एकच शब्द चार वेळा आला आणि चारही वेळा वेगळं काम करून गेला. पहिल्यानं आईला सावध केलं, की आता न आवडणारी बातमी येते आहे. दुसऱ्यानं गोष्टीला सुरुवात करून दिली. तिसऱ्यानं ठरलेलं आणि घडलेलं यांतलं अंतर दाखवलं. चौथा निव्वळ होकार होता, 'हो ना, खरंच की' अशा अर्थाचा.

मराठीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ते बहुतेक सगळं टेबल, स्टेशन, मोबाइल, डॉक्टर यांच्याविषयी, म्हणजे नामांविषयी. 'ॲक्च्युअली', 'ऑलरेडी', 'बेसिकली', 'फायनली', 'डायरेक्ट' ही मंडळी त्या चर्चेत क्वचितच येतात. मला वाटतं, भाषेच्या दृष्टीनं खरी मोठी घडामोड इथे चालली आहे. वस्तूचं नाव बदललं तर बोलणाऱ्याचा स्वभाव बदलत नाही. 'स्थानक' म्हणा की 'स्टेशन', गाडी तिथेच थांबते. पण नकार कसा द्यायचा, समोरच्याची चूक कशी सुधारायची, गोष्ट कुठून सुरू करायची, हे सगळं अव्ययांच्या आधारानं चालतं. म्हणून या एका शब्दाचा मराठीतला वावर जरा सविस्तर पाहू.

आधी त्याचं मूळ. 'ॲक्च्युअली'चं कूळ लॅटिनमधल्या 'करणे' या अर्थाच्या धातूत आहे. त्यापासून 'कृती' या अर्थाचं नाम झालं, नामापासून 'कृतीत उतरलेलं' या अर्थाचं विशेषण झालं, आणि ते फ्रेंचमार्फत इंग्रजीत पोहोचलं. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत हे क्रियाविशेषण 'कृतीनं' अशा सरळ अर्थानं भेटतं: मनात आणणं वेगळं आणि हातून घडणं वेगळं. जे हातून घडलं ते खरं, म्हणून पुढे अर्थ झाला 'खरोखर'. जे खरं ते पुष्कळदा लोकांच्या समजुतीपेक्षा निराळं निघतं, म्हणून अर्थ झाला 'तुम्हाला वाटतं तसं नाही'. आणि शेवटी त्या विरोधाची धारही बोथट झाली. उरली ती बोलणाऱ्याची एक लकब, 'आता मी जे सांगतो त्याकडे जरा लक्ष द्या' एवढीच. भाषाभ्यासक एलिझाबेथ ट्रॉगॉट यांनी अशा अनेक इंग्रजी शब्दांचा हाच प्रवास दाखवला आहे: जगाबद्दल काही सांगणारा शब्द हळूहळू बोलणाऱ्याच्या मनाबद्दल सांगू लागतो.

याच शब्दाची युरोपातली भावंडं मात्र भलतीकडे गेली. फ्रेंचमध्ये, स्पॅनिशमध्ये आणि जर्मनमध्ये त्याच कुळातल्या शब्दाचा अर्थ आहे 'सध्या', 'आजचं'. जर्मन शिकायला बसलेला मराठी विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. आपल्याकडे 'हल्ली' हा शब्द याच्या जवळचा आहे. तो अरबी 'हाल'वरून आला, आणि त्याचाही अर्थ चालू स्थिती असाच.

मराठीनं हीच गोष्ट सांगायला निरनिराळ्या वाटा धरल्या. इंग्रजीनं कृतीचा आधार घेतला, तर 'प्रत्यक्ष' या शब्दात अक्ष आहे, म्हणजे डोळा: जे डोळ्यांसमोर आहे ते. 'वास्तविक' वस्तूपासून आला. 'मुळात' म्हणताना आपण झाडाच्या मुळापर्यंत खाली जातो. आणि 'खरं तर'मधला 'तर' हा निराळाच कारागीर आहे, तो समोरच्याच्या समजुतीला अलगद बाजूला सरकवतो. डोळा, वस्तू, मूळ आणि हा 'तर', यांतला प्रत्येक जण वेगळ्या प्रसंगी कामाला येतो. त्यांची अदलाबदल होत नाही, हे आपण रोज बोलतो म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

एकच घटना घेऊ: एक माणूस आला नाही. 'खरं तर तो आलाच नाही' म्हटलं, की ऐकणाऱ्याचा समज होता तो आला होता, आणि आपण तो दुरुस्त केला. 'प्रत्यक्षात तो आला नाही' म्हटलं, की येतो असं त्यानं कबूल केलं होतं. 'मुळात तो आलाच नाही' म्हटलं, की इतका वेळ चाललेली सगळी चर्चाच फोल, कारण पायाच नाही. 'वास्तविक' घातला तर वाक्याला पुढे सरकावंच लागतं: 'वास्तविक त्यानं यायला हवं होतं'. त्यात तक्रार आली, थोडा विषादही आला. 'तसं पाहिलं तर तो आला नाही' यात सूट आहे, की आला नाही पण निरोप तरी धाडला. आणि 'त्याचं काय आहे, तो आला नाही' यात सांगणारा त्या न आलेल्या माणसाची बाजू सावरून धरतो आहे. आता या सगळ्यांच्या जागी 'ॲक्च्युअली तो आला नाही' ठेवून पाहा. वाक्य कुठेच चुकत नाही, आणि यांतला कोणता अर्थ आहे ते मात्र आवाजाच्या चढउतारावरून ताडावं लागतं.

याची मला पहिली जाणीव झाली ती कामाच्या टेबलावर. काही वर्षांपूर्वी एका लांबलचक इंग्रजी मुलाखतीचा अनुवाद माझ्याकडे आला होता. मुलाखत देणारे गृहस्थ दर दोन-तीन वाक्यांना 'ॲक्च्युअली' म्हणत. मी निष्ठेनं प्रत्येक ठिकाणी 'खरं तर' लिहीत गेलो. संपादकबाईंनी कागद परत पाठवले तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच प्रश्न होता: "यांना सारखं खरं का सांगावं लागतंय? आधी खोटं बोलले होते का?" मी पुन्हा वाचलं, आणि ते सज्जन गृहस्थ माझ्या मराठीत एखाद्या जबानी देणाऱ्या आरोपीसारखे झाले होते. मग एकेक जागा उघडून पाहिली. कुठे 'त्याचं असं झालं' बसलं, कुठे 'उलट', कुठे 'म्हणजे', कुठे नुसता 'च' पुरला, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी शब्द काढून टाकल्यावर वाक्य मोकळं झालं. त्या दुरुस्तीत मी जे शिकलो ते कोणत्याही कोशात मला सापडलं नव्हतं. कोश शब्दाला शब्द देतो, आणि इथे प्रश्न जागेचा असतो.

जागेचं हे महत्त्व अभ्यासकांनीही दाखवलं आहे. रिबेका क्लिफ्ट यांनी २००१ मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात याच एका शब्दावर दीर्घ निबंध लिहिला. ध्वनिमुद्रित केलेली खरीखुरी संभाषणं घेऊन त्यांनी तपासलं, की हा शब्द बोलण्याच्या सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी आला तर काय होतं. जागा बदलली की त्याचं काम बदलतं: कुठे स्वतःची दुरुस्ती, कुठे नवी माहिती, कुठे विषयाला वळण. इंग्रजीत तो वाक्याच्या शेपटालाही सहज बसतो. मराठीनं त्याला ती मोकळीक फारशी दिलेली नाही. आपल्याकडे तो वाक्याच्या तोंडाशी बसतो किंवा ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या आधी येतो. क्रियापदानंतरची जागा आपण 'ना', 'की', 'बरं का', 'बाबा', 'गं' यांच्यासाठी राखून ठेवली आहे, आणि तिथे 'ॲक्च्युअली'ला अजून शिरकाव मिळालेला नाही. 'मी येणार नाही ॲक्च्युअली' असं इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं कधीकधी म्हणतात, पण कानाला ते अजून परकं लागतं.

मराठीनं या पाहुण्याला स्वतःची वळणंही लावली. 'ॲक्च्युअलमध्ये' हे रूप पाहा. इंग्रजीतला क्रियाविशेषणाचा प्रत्यय गळून पडला आणि 'मध्ये' चिकटला. हे गावंढळपण नाही. 'प्रत्यक्षात', 'मुळात', 'वास्तवात' ही सगळी आपली क्रियाविशेषणं सप्तमीची आहेत, मराठीला अशा अर्थाचा शब्द करायचा झाला तर तो 'आत' ठेवूनच करावासा वाटतो. हिंदीतलं 'असल में' त्याच पठडीतलं. म्हणजे ज्याला आपण इंग्रजीची घुसखोरी समजतो, त्या रूपाचा सांगाडा अस्सल देशी आहे. कोणी शिकवल्याशिवाय, परळ-लालबागच्या नाक्यावरच्या पोरांनीही तो नेमका पकडला.

उच्चारही असाच बदलला. घाईत तो 'ॲक्चुली' होतो, 'ॲक्चली' होतो. आणि लिहायचा झाला तर त्याचं पहिलं अक्षरच मराठीच्या वर्णमालेत नवं आहे. अ-वर चंद्र देऊन लिहायचा 'ॲ' छापखान्यांना ठाऊक होता, पण संगणकाच्या युनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला, आणि २००९ च्या शासननिर्णयानं 'ॲ' व 'ऑ' यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली. 'बॅट' आणि 'बॉल' यांच्यामुळे आलेल्या स्वरांना शिवाजी पार्कच्या शेजारी राहणाऱ्यांनी नावं ठेवण्याचं कारण नाही.

आता त्या चौथ्या वापराकडे वळतो. "काय उकडतंय!" असं एकानं म्हणावं आणि दुसऱ्यानं मान हलवत "ॲक्च्युअली!" म्हणावं, हे मुंबईत मी रोज ऐकतो. इंग्लंडात कोणी असा एकटा शब्द उच्चारला, तर समोरचा पुढच्या 'पण'ची वाट पाहील. तिथे तो बहुतेकदा मतभेदाची नांदी असतो. आपल्याकडे तो दिलखुलास सहमती झाला. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. मराठीत 'खरंच' हा शब्द वाक्याच्या आतही चालतो आणि एकटा उभा राहून होकारही देतो. 'खरंच'चं भाषांतर डोक्यात एकदा 'ॲक्च्युअली' असं पक्कं झालं, की 'खरंच' जिथे जिथे जायचा तिथे तिथे तोही जाऊ लागतो. अंगरखा परका, चाल मराठी. शब्द उसना घेताना आपण त्याच्यासोबत आपलं व्याकरणही त्याला नेसवतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

हे सगळं होत असताना भाषेची काळजी वाहणारी माणसं कुठे पाहत होती, हा प्रश्न येतोच. आणि त्याचं उत्तर द्यायला शिवाजी पार्कइतकी योग्य जागा नाही. १९२५ मध्ये खुलं झालेलं हे मैदान आधी माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये, शिवाजी महाराजांची जन्म-त्रिशताब्दी साजरी होत असताना, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला महाराजांचं नाव मिळालं. ज्या राजानं राज्याभिषेकानंतर राजव्यवहारकोश करवून घेतला, त्याचं हे नाव. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली धुंडिराज व्यासांनी सिद्ध केलेल्या त्या कोशात फारसी-अरबी राजभाषेतल्या तेराशेहून अधिक शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याच काळात पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. दहा वर्गांत लावलेला तो कोश पदं, शस्त्रं, दुर्ग, कारखाने, भोज्य पदार्थ यांच्या नावांनी भरलेला आहे.

पार्कच्या जवळच सावरकर सदन आहे. १९३८ मध्ये सावरकर तिथे राहायला आले, आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भाषाशुद्धीचा विचार त्यांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, विसाच्या दशकातच मांडायला सुरुवात केली होती. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द आठवून पाहा: दिनांक, क्रमांक, महापौर, नगरपालिका, विधिमंडळ, अर्थसंकल्प, दूरध्वनी, नभोवाणी, चित्रपट, दिग्दर्शक, मध्यंतर, हुतात्मा, संचलन. यांतले कितीतरी आपण आज विचार न करता वापरतो. १ मे रोजी याच मैदानावर महाराष्ट्र दिनाचं संचलन होतं, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून तोच शब्द घुमतो, आणि तो कोणाला कृत्रिम वाटत नाही. हे यश मोठं आहे आणि ते मनापासून मान्य केलं पाहिजे. मैदानातलीच गोष्ट घ्या: बाळ ज. पंडितांच्या आकाशवाणीवरच्या धावत्या वर्णनानं षटक, यष्टी, पायचीत, क्षेत्ररक्षक हे शब्द घराघरांत नेले.

पण ही यादी पुन्हा एकदा वाचा. जवळजवळ सगळी नामं आहेत. राजव्यवहारकोश घ्या, भाषाशुद्धीची चळवळ घ्या, शासनाचे परिभाषाकोश घ्या, पहारा वेशीवर होता आणि पहारेकरी येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव विचारत होते. अव्ययांकडे वस्तूच नव्हती, त्यामुळे त्यांना कोणी हटकलं नाही. तीन शतकांपूर्वी फारसीच्या बाबतीतही हेच झालं होतं. राजव्यवहारातली नामं पुष्कळशी पालटली, पण 'फक्त', 'अखेर', 'शिवाय', 'दररोज', 'जरूर', 'बिलकूल', 'वगैरे', 'हल्ली' हे सारे आत राहिले. 'फक्त' तर हिशेबाच्या कागदाच्या शेवटी बसणारा अरबी शब्द. रक्कम इथे संपली, पुढे कोणी आकडा वाढवू नये, म्हणून. धनादेशावर 'रुपये पाचशे फक्त' लिहिताना आपण ते जुनं दफ्तरी काम आजही त्याच्याकडून करून घेतो. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. फारसीचं मराठीतलं देणं त्यांच्याइतकं नेमकं मोजलेला माणूस विरळा. तरीही आज कोणी 'फक्त' वगळून दिवसभर बोलून दाखवावं.

अव्ययं अशी सहज का शिरतात? यॅरन मॅट्रस या भाषावैज्ञानिकानं १९९८ मध्ये याचं एक पटणारं कारण दिलं. दोन भाषांत वावरणाऱ्या माणसाच्या डोक्यात वाक्य रचण्याचं काम एकीकडे आणि समोरच्याच्या प्रतिक्रियेवर लक्ष ठेवण्याचं काम दुसरीकडे चालू असतं. 'आता मी विषय बदलतो', 'आता मी तुझं खोडून काढतो' असे इशारे देणारे शब्द वाक्याच्या रचनेत गुंतलेले नसतात, त्यामुळे ते सुटे निघतात आणि प्रतिष्ठेच्या भाषेतून सर्वांत आधी उचलले जातात. 'ॲक्च्युअली' तसाच सुटा आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. मराठीत त्याला बसवायला काहीच तोडफोड करावी लागत नाही.

याच्या अगदी उलट्या बाजूनं तीच गोष्ट सांगणारं एक गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे, सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलण्याचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आजही शिकवला जातो. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या त्या लोकांनी आपापले शब्द कटाक्षानं वेगळे ठेवले, पण वाक्याची घडण इतकी सारखी होत गेली, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उतरवता यावं. माणूस आपली ओळख शब्दांत जपतो, आणि भाषेचं आतलं वळण त्याच्या नकळत बदलत राहतं. कुपवाडकरांना ते कळलं नाही, आणि दादरकरांनाही कळत नाही.

आपल्या व्याकरणाचाही यात थोडा दोष आहे. मुंबईत जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हापासून अव्ययांचे चार प्रकार आपण पाठ करत आलो: क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. शाळेत वाळंब्यांच्या व्याकरणात यांतल्या शेवटच्या प्रकारात एक पोटभेद असे, 'व्यर्थ उद्गारवाची': म्हणे, आपला, बापडा. आणि त्याच्याजवळच 'पादपूरणार्थक' किंवा पालुपदं: बरं का, कळलं, जळ्ळं मेलं. लहानपणी मला त्या 'व्यर्थ' शब्दाचं वाईट वाटायचं. गिरगावातल्या चाळीतली माझी मावशी 'तो आपला बसला कोपऱ्यात' म्हणायची, तेव्हा त्या 'आपला'मध्ये सगळी कणव असायची. तो काढून टाकला, तर कोपऱ्यात बसलेला माणूस उरतो, त्याची कीव उरत नाही. 'तो आजारी होता म्हणे' यातला 'म्हणे' सांगणाऱ्याची जबाबदारी झटकतो आणि शंकाही पेरतो. न्यायालयातली साक्ष या एका शब्दावर फिरू शकेल, इतका तो अर्थपूर्ण आहे. ज्यांना आपण व्यर्थ म्हटलं, त्यांची निगा कोण राखणार?

जुन्या मराठीला मात्र यांची किंमत पुरती ठाऊक होती. ज्ञानेश्वरी हे समोर श्रोते बसवून केलेलं निरूपण आहे, आणि त्यामुळे ओव्यांच्या तोंडाशी 'तरी', 'म्हणौनि', 'आतां', 'पैं', 'हें असो' यांची सतत ये-जा आहे. श्रोत्याचा हात धरून त्याला एका विचारातून दुसऱ्यात नेण्याचं काम ते करतात. कीर्तनकाराचं 'बरं का' त्याच वंशातलं. सातशे वर्षं या कामात मुरलेली ही भाषा आहे, तिच्याकडे साधनांची कमतरता कधीच नव्हती.

मग 'ॲक्च्युअली' का लागला? प्रतिष्ठा हे एक कारण आहे, पण तेवढंच म्हणून थांबणं अन्यायाचं होईल. कट्ट्यावरच्या त्या मुलीला आईवर छाप पाडायची नव्हती. मला वाटतं, नकार देण्याची पद्धत बदलली हे मोठं कारण आहे. 'त्याचं काय आहे' असं म्हणून सुरुवात केली, की पुढे सविस्तर सांगणं आलं, समोरच्यानं प्रश्न विचारणं आलं, थोडं मिनतवारीचं बोलणं आलं. 'ॲक्च्युअली मला नाही जमणार' यात ते सगळं टळतं. नकार मऊ होतो आणि कारणही द्यावं लागत नाही. कचेरीत, वरिष्ठांसमोर, अनोळखी माणसासमोर ही सोय फार मोलाची आहे. तरुण मुलींना तर ती विशेष लागते, कारण त्यांच्या नकाराला कारणं मागणारे घराबाहेरही पुष्कळ असतात. दुसरी गोष्ट, मोठ्यांची चूक सुधारणं. 'नाही काका, तसं नाही' यात उद्धटपणाचा वास येतो. 'काका, ॲक्च्युअली गाडी पाच चाळीसची आहे' यात तो येत नाही. शब्द परका असल्यामुळेच नात्याच्या उतरंडीतून तो बाजूला राहतो. हे काम मराठीतला कोणताही शब्द इतक्या सहज करत नाही, आणि हे मी नाइलाजानं नव्हे, मोकळेपणानं कबूल करतो.

म्हणून त्याला हाकलावं असं मी म्हणणार नाही. 'फक्त'ला हाकलता आलं नाही, यालाही येणार नाही. माझी तळमळ आहे ती त्याच्यामुळे मुकाट होत चाललेल्या इतरांविषयी. 'वास्तविक' आता अग्रलेखातच भेटतो. 'तसं पाहिलं तर' पन्नाशीच्या खालच्या माणसाच्या तोंडी मी क्वचितच ऐकतो. 'वस्तुतः' तर बोलण्यात पूर्वीही नव्हता. छापील मराठीत उलटं चित्र आहे: वृत्तपत्रं आणि मासिकं 'ॲक्च्युअली' कटाक्षानं टाळतात, तो फक्त मुलाखतीत, अवतरणचिन्हांत राहतो. त्यामुळे लिहिण्याची अव्ययं वेगळी आणि बोलण्याची वेगळी अशी फारकत वाढत चालली आहे. ही मला शब्दाच्या उसनवारीपेक्षा जास्त काळजीची वाटते. मराठी वाचणारं मूल ज्या 'वास्तविक'ला पुस्तकात भेटतं, त्याचा स्वर त्याच्या कानावर कधी पडलेलाच नसतो. स्वर ऐकल्याशिवाय अव्यय कळत नाही. ते शब्दकोशातून शिकता येत नाही, ते आजीच्या, शेजारणीच्या, दुकानदाराच्या तोंडूनच शिकावं लागतं.

'ऑलरेडी'बद्दल इथे दोन ओळी पुरेत. त्यानं 'आधीच'ची जागा बरीच घेतली, आणि कधीकधी दोघं एकाच वाक्यात शेजारी बसतात: 'आधीच ऑलरेडी उशीर झालाय'. 'डायरेक्ट'नं 'थेट' आणि 'सरळ' या दोघांना मागे सारलं. पण यांचं काम एकेकच आहे, त्यामुळे नुकसानही तेवढंच.

परवा पुन्हा कट्ट्यावर बसलो होतो. सात-आठ वर्षांचा एक मुलगा बॅट ओढत मैदानातून आला आणि वाट पाहत बसलेल्या आजोबांच्या गुडघ्याला टेकला.

"आजोबा, ॲक्च्युअली मी आउट नव्हतो."

आजोबांनी त्याच्या कपाळावरचा घाम रुमालानं पुसला. "अरे, मुळात तू बॅट पुढे आणलीच नाहीस."

"मुळात म्हणजे?"

"म्हणजे बाकीचं सगळं राहू दे. आउट की नॉट आउट, अंपायर काय म्हणाला, ते नंतर. त्याच्याही आधीची गोष्ट."

मुलगा बॅटच्या टोकानं मातीत रेघ ओढत थोडा वेळ गप्प राहिला. मग मान वर करून म्हणाला, "मुळात तो बॉलच वाइड होता."